संपर्काचा अखंड दुवा : हौशी रेडिओचे रिपीटर केंद्र

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांना आलेल्या महापुराने महाड व चिपळूण ही शहरे जलमय झाली. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. रस्ते बंद पडले, वीज खंडित झाली आणि भ्रमणध्वनीची सेवाही कोलमडली. अशा वेळी मदतीची साधने सिद्ध असूनही ती नेमकी कोठे धाडावयाची, हे कळण्यासच विलंब लागतो. भ्रमणध्वनीचे मनोरे विजेवर चालतात. वीज गेल्यावर त्यांच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात आणि जनित्र असल्यास ते डिझेल संपेपर्यंत चालते. रस्ताच वाहून गेला तर डिझेल पोहोचविणार कोण?

या प्रश्नाचे एक आंशिक, परंतु अनुभवसिद्ध उत्तर हौशी बिनतारी सेवेने, म्हणजेच हॅम रेडिओने दिले आहे. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील १९९३ चा भूकंप, तत्कालीन ओरिसातील १९९९ चे चक्रीवादळ आणि २००१ चा भूज येथील भूकंप या आपत्तींत हॅम मंडळींनी निरोपांची ने-आण केली. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान बेटांचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथे हॅम रेडिओच्या मोहिमेवर गेलेल्या श्रीमती भारती प्रसाद यांच्या पथकाने आपले केंद्र तातडीने मदतकार्याला जुंपले. शेकडो किलोमीटरचे असे संदेश लघुलहरींवरून जातात. तथापि तालुक्यातील गावागावांचा परस्परांशी आणि तहसील कचेरीशी संपर्क राखावयाचा, तर त्यासाठी हातातील लहान संच व उंच जागेवरील रिपीटर केंद्र ही जोडी अधिक उपयुक्त ठरते.

रिपीटर म्हणजे काय?

हातात मावणाऱ्या संचाची शक्ती साधारण पाच वॉट असते. तो ज्या अतिउच्च कंप्रतेच्या लहरी वापरतो, त्या बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे सपाट प्रदेशातही दोन माणसांना एकमेकांशी जेमतेम पाच-दहा किलोमीटरपर्यंत बोलता येते. मध्ये टेकडी, दाट झाडी वा इमारती आल्यास हे अंतर आणखी घटते. डोंगराच्या दोन बाजूंना वसलेली गावे तर एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. मात्र डोंगरमाथा दोहोंना दिसतो. त्या माथ्यावर एका गावचे बोलणे ऐकून तत्क्षणी ते अधिक शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करणारे यंत्र ठेवले की दोन्ही गावे जोडली जातात. हे यंत्र म्हणजेच रिपीटर होय.

उंचीचे महत्त्व एका साध्या सूत्राने ध्यानात येते. भोवतालच्या प्रदेशापासून अँटेनाची उंची जितके मीटर असेल, त्या संख्येच्या वर्गमुळाला सुमारे ४.१ ने गुणले असता रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. उभ्या माणसाच्या हातातील संचासाठी हे अंतर पाच किलोमीटर येते, तर भोवतालापासून ४०० मीटर उंच असलेल्या डोंगरासाठी ते ८२ किलोमीटर येते. प्रत्यक्षात दऱ्याखोऱ्यांच्या सावलीमुळे काही गावे वगळली जातात. म्हणून जागा निश्चित करण्यापूर्वी माथ्यावर तात्पुरता संच लावून गावोगावी चाचणी घेणे इष्ट ठरते.

एकाच वेळी ऐकणे आणि बोलणे

रिपीटर ज्या क्षणी ऐकतो त्याच क्षणी बोलतो, म्हणून त्याला दोन कंप्रता लागतात. हौशी सेवेच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात या दोहोंमध्ये ६०० किलोहर्ट्‌झ अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. केवळ उदाहरणादाखल, १४५.१०० मेगाहर्ट्‌झवर ऐकणारे केंद्र १४५.७०० वर बोलेल. परंतु दुरून येणारा क्षीण संदेश आणि शेजारीच चाललेले प्रक्षेपण यांच्या शक्तीत अब्जावधी पटींचा फरक असतो. वाजत्या ढोलाशेजारी बसून कुजबुज ऐकण्यासारखाच हा प्रकार आहे. ही अडचण ड्युप्लेक्सर दूर करतो. धातूच्या गुडघाभर उंचीच्या चार किंवा सहा नळकांड्यांचा हा संच अचूक जुळविला की एकाच अँटेनावरून येणारा व जाणारा संदेश एकमेकांपासून वेगळे राहतात.

नवख्या मंडळींना अधिक शक्तीच्या प्रक्षेपकाचा मोह पडतो. पण केंद्राचा आवाज शंभर किलोमीटरवर पोहोचला आणि तेथील पाच वॉटच्या संचाचे उत्तर केंद्राला ऐकूच आले नाही, तर त्याचा उपयोग काय? अशा केंद्राला हॅम मंडळी विनोदाने ‘मगर’ म्हणतात, कारण तिचे तोंड मोठे आणि कान लहान! चांगली अँटेना, कमी गळतीची केबल आणि नीट जुळविलेला ड्युप्लेक्सर यांवर केलेला खर्च प्रक्षेपकाच्या शक्तीवरील खर्चापेक्षा अधिक फलदायी ठरतो. सामान्यतः २५ वॉट पुरेसे होतात.

विजेचा हिशेब

यंत्रे बसविणे हा कामाचा अर्धाच भाग झाला. वीज गेल्यावर जे केंद्र मुके होते, ते आपत्तीत निरुपयोगीच. म्हणून विजेचा हिशेब आरंभीच मांडला पाहिजे. हा हिशेब अवघड नाही आणि शाळेतील विद्यार्थ्यांकडूनही करवून घेता येईल.

समजा, १२ व्होल्टवर चालणारे एक केंद्र नुसते ऐकत असताना अर्धा अँपिअर प्रवाह घेते आणि २५ वॉटने बोलू लागले की त्यावर आणखी पाच अँपिअर घेते. नुसत्या ऐकण्याचे दिवसभरात १२ अँपिअर-तास होतात. एरवी ते दिवसातून दोन तास बोलत असेल, तर त्याचे १० मिळवून एकूण २२ अँपिअर-तास होतात. आपत्तीत मात्र चित्र पालटते. दिवसाचा निम्मा वेळ बोलणे चालले, तर बोलण्याचे ६० आणि ऐकण्याचे १२ मिळून ७२ अँपिअर-तास, म्हणजे तिपटीहून अधिक वीज लागते. ज्या दिवशी वीज मिळण्याची शक्यता सर्वांत कमी, त्याच दिवशी गरज सर्वांत अधिक असते, हे येथे विसरता कामा नये.

यावर एक सोपा उपाय आहे. प्रक्षेपकाची शक्ती २५ वॉटवरून १० वॉटवर आणली, तर बोलण्याचा जादा प्रवाह साधारण निम्म्यावर, म्हणजे अडीच अँपिअरवर येतो आणि दिवसाची गरज ४२ अँपिअर-तासांपर्यंत उतरते. संपर्काच्या क्षेत्रात मात्र फारशी घट होत नाही, कारण खरी मर्यादा गावातील पाच वॉटच्या संचाची असते. ही सोय आणि बोलणे तीन मिनिटांहून अधिक लांबल्यास प्रक्षेपण थांबविणारे घड्याळ, या दोन्ही गोष्टी केंद्रात आरंभापासूनच असाव्यात.

आता बॅटरीचा विचार करू. शिसे-आम्ल प्रकारची ट्यूब्युलर बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या, तरी ३०० पैकी १५० अँपिअर-तासच हिशेबात धरावेत. एवढ्यावर हे केंद्र एरवी सहा ते सात दिवस चालेल. आपत्तीत ते पूर्ण शक्तीने दोन दिवस आणि कमी शक्तीने साडेतीन दिवस चालेल. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या वजनाला हलक्या असून त्यांची सुमारे ऐंशी टक्के क्षमता वापरता येते. आरंभीचा खर्च अधिक असला तरी डोंगरावर डोक्यावरून ओझे न्यावयाचे असेल तेथे त्या सोयीच्या पडतात.

सरासरी नव्हे, आषाढ-श्रावण

सौर पॅनेलची निवड करताना बहुधा एक चूक होते. वर्षभरातील सरासरी उन्हावर हिशेब केला जातो आणि तो कागदावर चोख उतरतो. पण महाराष्ट्रात पूर आणि दरडी येतात त्या पावसाळ्यात, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर त्या वेळी दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही. म्हणून पॅनेल सरासरी उन्हावर नव्हे, तर आषाढ-श्रावणातील ढगाळ दिवसांवर बेतले पाहिजे.

दिवसभरातील एकंदर प्रकाश प्रखर उन्हाच्या किती तासांइतका भरतो, यावर हा हिशेब चालतो. उन्हाळ्यात तो पाच तासांइतका धरला, तरी पावसाळ्यासाठी दोनच तास धरावेत. ३०० वॉटची पॅनेले दोन तासांत ६०० वॉट-तास देतील. तारा, उष्णता व भारण यांतील तीस टक्के घट वजा जाता ४२० वॉट-तास उरतील, म्हणजेच १२ व्होल्टवर ३५ अँपिअर-तास. एरवीची २२ ची गरज यातून भागून बॅटऱ्या भरलेल्या राहतात. कमी शक्तीवर चालणाऱ्या आपत्कालीन केंद्राची गरज ४२ ची असल्याने दररोज सातचीच तूट पडेल आणि ती बॅटऱ्या सुमारे तीन आठवडे भरून काढतील. आकाश इतके भरून आले की एकाच तासाइतका प्रकाश मिळाला, तरीही केंद्र सहा दिवस बोलते राहील. सहा दिवसांत बहुधा रस्ता खुला होतो, वीजही परत येते.

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे व कल सुमारे वीस अंशांचा असावा. त्याचा सांगाडा डोंगरवाऱ्याला पुरून उरेल असा भक्कम असला पाहिजे. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये भारण-नियंत्रक हवाच. वरील उदाहरणात तो ३० अँपिअरचा लागेल. यंत्रे थेट १२ व्होल्टवर चालवावीत. इन्व्हर्टरने २३० व्होल्ट करून पुन्हा त्याचे १२ व्होल्ट करणे हा अपव्यय आहे, कारण नुसता सुरू ठेवलेला इन्व्हर्टरही ऐकणाऱ्या रिपीटरइतकी किंवा त्याहून अधिक वीज खाऊ शकतो. तारा आखूड व जाड असाव्यात आणि बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज असावा. भारण होताना शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेणारा असल्याने खोलीत वायुवीजनाची सोय अनिवार्य आहे.

डोंगरावरील मनोरा विजेला आमंत्रणच देतो. मनोरा, केबल, पॅनेलचा सांगाडा आणि यंत्रे या सर्वांचे अर्थिंग एकमेकांशी जोडलेले असावे व केबलवर वीजरोधक बसवावा. कातळावर अर्थिंग सहज साधत नाही. तेथे माती मिळेपर्यंत तांब्याची किंवा जस्तलेपित लोखंडाची पट्टी खाली नेणे भाग पडते.

परवानगी व कायदा

ही सेवा सर्वांना खुली असली तरी परवान्याविना वापरता येत नाही. केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखा तिचे नियमन करते. बारा वर्षांवरील नागरिकाला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविता येते. व्यापारी संदेश, करमणूक वा वृत्तप्रसारण या सेवेला वर्ज्य आहे. रिपीटरसाठी स्वतंत्र मंजुरी लागते. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने अर्जापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत. डोंगरमाथा वनक्षेत्रात असल्यास वन विभागाची आणि संरक्षित किल्ला असल्यास पुरातत्त्व विभागाची अनुमती आवश्यक असते. या कामी ग्रामपंचायतीचा ठराव व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा पाठिंबा यांचे मोल मोठे आहे.

गावाचा वाटा

रिपीटर उभारण्याचे तांत्रिक काम हॅम मंडळी करतील, पण तो वर्षानुवर्षे चालता ठेवणे स्थानिक आस्थेवाचून शक्य नाही. पॅनेलवरील धूळ पुसणे, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे, माकडांनी केबल कुरतडली नाही ना हे पाहणे, खोलीची किल्ली कोणाकडे आहे याची नोंद ठेवणे ही कामे पायथ्याच्या गावाने अंगावर घेतली पाहिजेत. माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांनी परवाना घेतला, चार विद्यार्थ्यांना परीक्षेला बसविले आणि आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी सर्व गावांतील परवानाधारकांनी हजेरी दिली, तर संकटाच्या दिवशी कोणी कोणाला हाक मारावयाची हा प्रश्न उरत नाही. संदेश थोडक्यात सांगणे, तो लिहून घेणे व परत वाचून दाखविणे याचीही सवय अशाच हजेरीतून लागते.

आणि दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी एक परीक्षा केंद्राचीही घ्यावी. बाहेरून येणारी वीज तोडावी, पॅनेलवर कापड टाकावे आणि केंद्र आपत्तीत वापरावे तसे दोन दिवस वापरावे. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते बोलत असेल, तर त्या पावसाळ्यापुरता गावाचा दुवा शाबूत आहे असे समजावे. ते मुके झाले, तर बॅटरी बदलण्यास अद्याप अवधी आहे. ही उणीव जूनमध्ये लक्षात आली तर तिची किंमत एका बॅटरीइतकी असते. ती जुलैतील पुराच्या रात्री लक्षात आली, तर तिची किंमत माणसांच्या जिवांत मोजावी लागते.