पूरक प्रश्न कुठे हरवला?

राज्याच्या विधानसभेत तारांकित प्रश्नाला जे छापील उत्तर मिळते, ते मंत्र्यांनी लिहिलेले नसते. ते तालुक्याच्या कचेरीत जन्म घेते, जिल्ह्यात त्याला वळण लागते, संचालनालयात त्याची टोके घासली जातात आणि सचिवांच्या नजरेखालून ते सभागृहाच्या पटलावर येते. मंत्र्यांचे स्वतःचे असे जे काही असते ते त्यानंतर सुरू होते. सदस्य उभा राहून विचारतो, ‘अध्यक्ष महोदय, उत्तरात काम पूर्ण झाले असे म्हटले आहे, मग ठेकेदाराची अनामत अजून का अडकली आहे?’ हा पूरक प्रश्न. त्याला सचिव उत्तर देऊ शकत नाही. फार तर अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून तो एक चिठ्ठी पाठवू शकतो आणि ती हाती पडेपर्यंत मंत्र्यांना स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. संविधानाच्या १६४व्या अनुच्छेदाने राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार धरले आहे. ही जबाबदारी उघड्या डोळ्यांना दिसते ती अशा दोन-तीन मिनिटांतच.

हा पूरक प्रश्न आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. १८६१च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौन्सिलांना प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. तो १८९२च्या कायद्याने आला आणि पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १८९३ मध्ये, भिंग्याच्या राजांनी मध्यवर्ती कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला. विषय मोठा बोलका आहे: दौऱ्यावर आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना रसद पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांना होणारा जाच. भारतीय सभागृहातला पहिलाच प्रश्न साम्राज्याच्या धोरणावर नव्हता, तर साहेबाच्या छावणीतल्या दाणागोट्यावर होता, याचे मला इतिहासाचा विद्यार्थी असल्यापासून कौतुक वाटत आले आहे. पण तो अधिकार लंगडा होता. प्रश्न विचारावा, उत्तर ऐकावे आणि खाली बसावे. उत्तरावर प्रतिप्रश्न करण्यास मुभा नव्हती. लोकमान्य टिळक १८९५ ते १८९७ या काळात आणि त्यांच्यानंतर गोखले ज्या मुंबई कौन्सिलात बसले, तिथे हाच नियम होता. १९०९च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्नाची परवानगी दिली आणि १९१९च्या सुधारणांनंतर ती सभागृहातील कोणत्याही सदस्याला मिळाली. १९३७ मध्ये प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली, तेव्हा हे शस्त्र परक्या सरकारवर रोखण्याऐवजी आपल्याच माणसांवर रोखण्याची वेळ आली.

माझी हयात एका मोठ्या हिंदीभाषक राज्याच्या सेवेत गेली. अधिवेशनाच्या दिवसांत जिल्ह्याच्या कचेरीत ‘विधानसभा प्रश्न’ असा शेरा असलेला कागद आला, की इतर सर्व टपाल बाजूला पडे. एका आमदाराने विचारले होते की, अमुक विकासखंडातील किती हातपंप बंद आहेत? आमच्या उत्तरात ती संख्या शून्य होती आणि ते उत्तर खोटे नव्हते. प्रश्न जिल्ह्यात पोचल्यापासून उत्तर राजधानीला रवाना होईपर्यंत यांत्रिकी विभागाची गाडी गावोगाव फिरत होती. दोन उन्हाळे कोरडे पडलेले पंप दहा दिवसांत वाहते झाले. प्रश्नाचा हा उपयोग कोणत्याही कार्यवृत्तात नोंदला जात नाही. आमदार मात्र हे पक्के जाणून असतात आणि म्हणूनच त्यांतले पुष्कळसे उत्तराची वाटही पाहत नाहीत.

पण छापील उत्तराची दुसरीही एक परंपरा आहे. ‘जानकारी एकत्रित की जा रही है’ हे वाक्य हिंदी पट्ट्यातल्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका चाळणाऱ्याला पानापानावर भेटते. मराठी वाचकाला त्याची भावंडे ठाऊक असतील: ‘अंशतः खरे आहे’, ‘तपासून पाहण्यात येत आहे’ आणि सर्वांत निगरगट्ट असे ‘प्रश्न उद्भवत नाही’. अशा उत्तरांत असत्य नसते. असते ती फक्त बंद केलेली कवाडे. ती उघडण्याची किल्ली म्हणजे पूरक प्रश्न. खात्यात अनुभवी माणसांची खरी मेहनत मूळ उत्तरावर होतच नसे. ती ‘संभाव्य पूरक प्रश्न’ या टिपणावर होत असे. आमदाराला काय सुचेल, स्थानिक वर्तमानपत्रात काय छापून आले आहे, लेखापरीक्षणाचा कोणता आक्षेप त्याच्या हाती लागला असेल, हे सारे ताडून ते टिपण तयार होई. एका अडीच ओळींच्या उत्तरामागे वीस पानांचे टिपण मी पाहिले आहे. त्या निमित्ताने का होईना, मंत्र्यांना आपल्या खात्यात काय चालले आहे याचा पत्ता लागे.

मंत्र्यांना ‘हे माझ्या अधिकाऱ्यांनी केले’ असे म्हणता येत नाही, हे या देशात ठरले तेही एका प्रश्नातूनच. प्रकरण लोकसभेतले असले तरी त्याचा दाखला राज्यांनाही तितकाच लागू आहे. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांबद्दल सभागृहात विचारणा झाली. सुरुवातीची उत्तरे मोघम होती. फिरोज गांधी यांनी विषय सोडला नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेतली. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यांना झटकता येत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. पहिल्या मोघम उत्तरावर सभागृह समाधान मानून बसले असते, तर यातले काहीच घडले नसते.

आज राज्याराज्यांत नेमके हेच समाधान सक्तीचे होत चालले आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या विधानसभा वर्षाकाठी सरासरी वीस-बावीस दिवसच भरतात. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, एवढीच संविधानाची अट असल्यामुळे चार-पाच दिवसांची दोन अधिवेशने घेऊनही ती पाळता येते. याचा प्रश्नांवर कसा परिणाम होतो ते बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. बहुतेक सभागृहांत खात्यांना वार वाटून दिलेले असतात. अधिवेशन बुधवारी संपले, की गुरुवारच्या आणि शुक्रवारच्या मंत्र्यांची सुटका झाली. प्रश्नाची सूचना काही दिवस अगोदर द्यावी लागते. अधिवेशनच आयत्या वेळी बोलावले तर सूचनेला अवधी उरत नाही. आणि जे तारांकित प्रश्न पुकारलेच जात नाहीत, त्यांची उत्तरे लेखी समजून पटलावर ठेवली जातात. म्हणजे अडीच ओळी राहिल्या आणि वीस पानांचे टिपण कपाटात गेले. आपण १८९२ सालच्या कौन्सिलात परतलो. सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या कारणाने संसदेत प्रश्नोत्तराचा तास वगळून लेखी उत्तरे तेवढी चालू ठेवली, तेव्हा ‘उत्तरे तर मिळतच आहेत’ असा बचाव ऐकू आला होता. भिंग्याच्या राजांनाही उत्तर मिळण्याची सोय होतीच.

दोष केवळ सरकारांचा नाही. विरोधी पक्ष पहिल्याच तासात फलक घेऊन अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरतो, तेव्हा ज्या मंत्र्यांवर त्याचा राग आहे, त्यांनाच तो पूरक प्रश्नातून मोकळे करतो. गॅलरीत बसलेल्या अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर अशा वेळी जी प्रसन्नता पसरते, ती विरोधी नेत्यांनी एकदा वर मान करून पाहावी.

माहिती अधिकाराने ही उणीव भरून निघाली, असे काही जण म्हणतात. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे त्या कायद्याच्या आठव्या कलमात २०२५ पर्यंत असलेले तत्त्व फार मोलाचे होते. परंतु अर्जाला कागद मिळतो. तिथे मंत्र्यांना उभे करता येत नाही.

न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगाने २००२ सालीच सुचवले होते की, सत्तरहून कमी सदस्यांच्या सभागृहांनी वर्षाला किमान पन्नास आणि इतरांनी किमान नव्वद दिवस बसावे. ही शिफारस मान्य करण्यास सरकारांची इच्छा लागते, आणि ती कुठून येणार? एक गोष्ट मात्र पीठासीन अधिकाऱ्यांच्या हाती आजही आहे. उत्तर अपुरे वाटले तर ते प्रश्न राखून ठेवू शकतात. त्याला कायद्यातली दुरुस्ती लागत नाही, मंत्रिमंडळाचा ठरावही लागत नाही. राखून ठेवलेला प्रश्न काही दिवसांनी पुन्हा पुकारला जातो आणि त्या दिवशी गॅलरीत उपसचिवाच्या जागी खात्याचे सचिव स्वतः, नव्याने लिहिलेले टिपण मांडीवर घेऊन, बसलेले असतात.