गॅस गीझर पेटत नाही तेव्हा

परभणीची थंडी मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाची आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथील किमान तापमान पाच अंशांच्याही खाली उतरले होते. पूर्वी अशा दिवसांत अंगणातील तांब्याच्या बंबात पऱ्हाट्या व तुराट्या घालून पाणी तापविले जाई. आता अनेक घरांत व वसतिगृहांत बंबाची जागा गॅस गीझरने घेतली आहे. आणि नेमका कडाक्याच्या पहाटेच तो पेटेनासा होतो. याची कारणे बहुधा साधी असतात. मात्र एका प्रसंगी ज्योत विझणे हा बिघाड नसून इशारा असतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

नळ उघडताच पाण्याच्या दाबाने गीझरमधील रबरी पडदा सरकतो व कळ दाबली जाते. त्यासरशी सेलच्या शक्तीवर ठिणग्या पडू लागतात आणि गॅसची झडप उघडते. ज्योत लागली नाही, तर झडप काही सेकंदांत आपोआप मिटते. म्हणून निदान प्रथम कानांनी करावे. ठिणगीचा कटकट आवाज मुळीच येत नसेल, तर दोष सेलचा अथवा पाण्याचा समजावा. थंडीत सेलची शक्ती क्षीण होते. दोन्ही सेल एकाच वेळी बदलावेत. पाण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवर टेकविलेल्या टाकीतून गीझरपर्यंत पाव किलोही दाब पोहोचत नाही आणि पडदा हलत नाही. येथे कारागिराची नव्हे, तर टाकीखाली उंच चौथऱ्याची गरज असते. विंधन विहिरीच्या जड पाण्याने आतील नळीत क्षार साचतात व तोंडाशी असलेली जाळी गाळाने बुजते; ती अधूनमधून धुवावी.

ठिणगी पडूनही ज्योत लागत नसेल, तर सिलिंडरकडे पाहावे. त्यातील द्रवाचा वायू होण्यास उष्णता लागते. द्रवातील ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतो. त्यामुळे थंडीत, विशेषतः सिलिंडर संपत आला असता, दाब घटतो. गीझरला शेगडीच्या एका बर्नरच्या कित्येक पट गॅस लागतो. म्हणूनच शेगडी पेटते, पण गीझर पेटत नाही. अशा वेळी सिलिंडर गरम पाण्यात ठेवण्याचा प्रघात काही ठिकाणी आढळतो. तो सर्वथा धोक्याचा आहे. तसेच वारंवार प्रयत्न करू नयेत. दर वेळी थोडा गॅस बाहेर पडतो आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आल्यास विजेचे बटन वा काडी यांना हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात व बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

आता तिसरा प्रसंग. गीझर नीट पेटतो. पण दार लावून स्नान करीत असता काही मिनिटांनी विझतो. अनेक गीझर सुमारे वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, ती योजनाच असते. त्याआधीच ज्योत विझत असेल वा पिवळी पडत असेल, तर न्हाणीघरातील प्राणवायू सरत असण्याचा संभव आहे. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात आणि कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. बंबाचा धूर निदान डोळ्यांना झोंबे, म्हणून तो अंगणात ठेवला जाई. निळ्या ज्योतीने मात्र माणूस निर्धास्त झाला. अशा विझणाऱ्या गीझरमधील संरक्षक यंत्रणा काढून तो ‘दुरुस्त’ करून देणारे कारागीरही आहेत. त्यांना तसे करू देऊ नये.

गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी भिंतीवर बसवावा व गरम पाणी नळीने आत आणावे. घरकुलातील न्हाणी लहान असते. तेथे ही दक्षता अधिक हवी. ग्रामपंचायत सदस्यांनी हे घरोघरी समजावून सांगावे. वसतिगृहांच्या गृहपालांनी थंडी सुरू होण्यापूर्वीच गीझरची जागा तपासावी. स्नानास गेलेली व्यक्ती हाकेला उत्तर देत नसेल, तर दार तोडून तिला उघड्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.