महामार्गाखालून वाघ जातो, पण गावरस्त्याचं काय? नागपूर-पेंच मार्ग समजून घ्या

रामटेक : नागपूरहून पेंचच्या जंगलात जाणं आता एका दिवसाचं काम राहिलेलं नाही. सकाळी निघायचं, दुपारचं जेवण पवनी-देवलापारकडे घ्यायचं आणि अंधार पडायच्या आत परत शहरात. शनिवार-रविवारी मनसरच्या पुढे नागपूरच्या गाड्यांची रांग दिसते, ती यामुळेच.

याचं मोठं कारण रस्ता आहे. कामठी रोडवर एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक असा सुमारे साडेपाच किलोमीटरचा डबल-डेकर पूल ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो अशी चार मजली वाहतूक आहे. शहरातून बाहेर पडायलाच जिथे जीव मेटाकुटीला यायचा, तो त्रास बराच कमी झाला. मेट्रोचा दुसरा टप्पा याच बाजूने कन्हानपर्यंत येणार आहे. तिकडे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यावर मुंबईकडून येणाऱ्यांनाही नागपूर जवळ झालं.

शहर वाढलं, रस्ते सुधारले आणि शहर जंगलाच्या दारात आलं. रोजगाराच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. गाईड, जिप्सी, होम-स्टे, चहा-नाश्त्याची टपरी, सगळ्यांना काम मिळतं. पण जंगलातून जाणारा रस्ता शहरातल्या रस्त्यासारखा नसतो. तो कसा चालतो हे ज्याला माहीत नाही, त्याचा आणि समोरून येणाऱ्याचा, दोघांचाही जीव धोक्यात येतो.

महामार्गाखाली जनावरांची वाट

राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे जुना ७ नंबर, श्रीनगरहून कन्याकुमारीला जातो. त्यातला मनसर ते खवासा हा तुकडा पेंच व्याघ्र प्रकल्पाला लागून जातो. पेंचमधून कान्हा आणि नवेगाव-नागझिऱ्याकडे जनावरांच्या ये-जा करण्याच्या जुन्या वाटा आहेत. महामार्ग त्या वाटांना मधोमध कापतो.

चौपदरीकरणाचा विषय आला तेव्हा मोठा वाद झाला. रस्ता रुंद झाला तर वाघ, बिबट, रानकुत्रे या बाजूचे या बाजूलाच अडकतील, असं वन्यजीवप्रेमींचं म्हणणं होतं. दुसरीकडे त्या काळात हा रस्ता इतका खराब होता की गाडीवाले आणि गावकरी दोघंही वैतागले होते. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. शेवटी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाचा आधार घेऊन मधला मार्ग निघाला. रस्ता रुंद करायचा, पण जिथे जनावरं ओलांडतात तिथे तो खांबांवर उचलायचा.

महाराष्ट्राच्या हद्दीत अशा ९ जागा आहेत. त्यात ५ अंडरपास आणि ४ छोटे पूल येतात. सगळ्यात लहान ५० मीटरचा, तर सगळ्यात मोठा ७५० मीटरचा. वरून ट्रक जातात आणि खाली जमीन, गवत, नाला जसाच्या तसा राहतो.

जनावरं खरंच खालून जातात का?

हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनीच विचारला होता. एवढा खर्च करून बांधलं, पण वाघाला कोण सांगणार की बाबा, इथून जा?

वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये या पुलांखाली कॅमेरे लावले. त्यात १८ प्रकारचे वन्यप्राणी टिपले गेले. सगळ्यात जास्त चितळ आणि रानडुकरं. वाघांचं म्हणाल तर ११ वेगवेगळ्या वाघांनी मिळून ८९ वेळा या जागांचा वापर केल्याचं दिसलं. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशासारखे वेगवेगळे असतात, त्यामुळे कोणता वाघ किती वेळा गेला हे फोटोवरून ओळखता येतं.

म्हणजे जनावराला सुरक्षित वाट दिली तर ते ती वापरतं. मात्र खाली माणसांची वर्दळ, शेकोटी, गाड्या उभ्या करून पार्टी असं चालू राहिलं तर जनावर तिथे फिरकत नाही आणि दुसरीकडून थेट रस्त्यावर चढतं. म्हणून पुलाखाली बसून डबा खाणं किंवा फोटोसाठी उतरणं टाळलंच पाहिजे. उरलेलं अन्न तर तिथे अजिबात टाकू नये.

खरा धोका छोट्या रस्त्यावर

आता मुद्द्याची गोष्ट. हे पूल फक्त महामार्गावर आहेत. पवनीवरून सिल्लारीकडे वळणारा रस्ता, रामटेकवरून खिंडसीकडे जाणारा रस्ता, पारशिवनीकडून कोलितमाऱ्याला जाणारा रस्ता किंवा गावागावांना जोडणारे अरुंद डांबरी रस्ते, यांवर जनावरांसाठी वेगळी वाट नाही. रस्ता एकच. त्यावर पर्यटकाची कार, गावातली दुचाकी, बैलबंडी, ट्रॅक्टर, गाय-म्हैस आणि चितळ असे सगळेच.

चौपदरी रस्त्यावर शंभराच्या वेगाची सवय झालेला ड्रायव्हर फाट्यावरून आत वळतो, तेव्हा त्याचा पाय लगेच हलका होत नाही. रस्ता गुळगुळीत, रहदारी कमी, दोन्ही बाजूंना सागाची झाडं. त्याला वाटतं, रस्ता मोकळा आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बाया-माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाणारे असतात. सकाळच्या सफारीसाठी गेट गाठायची घाईही त्याच वेळेची. पावसाळ्यात गुरं संध्याकाळी कोरड्या डांबरावर येऊन बसतात. यातली कोणतीच गोष्ट शहरातून आलेल्या माणसाला माहीत नसते.

हिशोब समजून घ्या

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ३३ मीटर तसेच निघून गेले. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी ३५ मीटरच्या आसपास. एकूण सुमारे ६८ मीटर. रात्री लो-बीमच्या उजेडात इतक्या लांबचं चितळ बहुतेक वेळा दिसतच नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

तीच गाडी ४० च्या वेगाने असेल तर सगळं मिळून सुमारे २५ मीटरमध्ये थांबते. वेग निम्मा केला की थांबायचं अंतर निम्म्याहून बरंच कमी होतं. रस्ता ओला असेल तर दोन्ही आकडे वाढतात.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा :

- एक चितळ रस्ता ओलांडून गेलं की लगेच गाडी पुढे घेऊ नका. ते कळपाने फिरतात. मागे अजून असतात.
- डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की जनावर गोंधळून जागेवरच उभं राहतं. हाय-बीम लगेच खाली करा, गाडी हळू करा आणि त्याला जाऊ द्या. सारखा हॉर्न वाजवू नका.
- पहाट आणि संध्याकाळ या दोन वेळा जनावरांच्या हालचालीच्या. त्या वेळी वेग कमीच ठेवा.
- माकडांना बिस्किटं, केळी टाकू नका. एकदा सवय लागली की ती दिवसभर रस्त्यावरच बसतात आणि चाकाखाली येतात.
- जंगलात गाडीतून उतरून सेल्फी काढू नका. अस्वल आणि पिल्लांसोबतची रानडुकरीण हल्ला करायला वेळ लावत नाही.

अंधारातला दुचाकीवाला दिसला पाहिजे

जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. रात्रीचं आकाश स्वच्छ दिसावं म्हणून वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले दिवे बदलले गेले. आता त्यांचा उजेड वर न जाता खाली जमिनीवरच पडतो. तारे पाहायला येणारे पर्यटक रात्री गावात असतात आणि रात्रीची रहदारीही थोडी वाढते.

अशा अंधाऱ्या रस्त्यावर आपण दिसणं ही गावकऱ्याच्याही हातातली गोष्ट आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो, बैलबंडीला तर काहीच नसतं. लाल-पांढरी चमकणारी पट्टी ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते. ट्रॉलीच्या मागे, बंडीच्या दोन्ही बाजूंना, सायकलच्या मडगार्डला ती लावली की मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडात लांबूनच चमकते. मोहफुलं वेचायला पहाटे जाताना हातात टॉर्च ठेवावा आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालावं, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते.

अपघात झाला तर?

जखमीला मदत करायला लोकं आजही घाबरतात, कारण पोलिसांची भीती. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव सांगायची सक्तीही नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राच्या 'राहवीर' योजनेत २५,००० रुपयांचं बक्षीसही आहे.

मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता मिळायची तरतूद झाली आहे. अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत ती लागू असते.

हे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा : ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस ११२, राष्ट्रीय महामार्ग मदत १०३३, वन विभाग १९२६.

वन्यप्राण्याला धडक बसली तर १९२६ वर कळवा. जखमी जनावराजवळ जाऊ नका, ते घाबरून मारतं. मेलेलं चितळ किंवा डुक्कर उचलून घरी नेणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. 'आपण मारलं नाही, गाडीने मेलं' हे कारण चालत नाही.

आणि गावाचा रस्ता?

हे सगळं वाचून कोणीही विचारेल, पर्यटकासाठी रस्ते झाले, पण आमच्या टोल्यावरून बाळंतिणीला न्यायचा रस्ता अजून कच्चाच आहे, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. बहुतेक वेळा उत्तर मिळतं, 'वन विभागाची परवानगी नाही.'

इथे एक तरतूद माहीत असायला हवी. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये जंगलातल्या गावांसाठी १३ सुविधा दिल्या आहेत. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचं पाणी यांच्यासोबत त्यात रस्ताही आहे. अटी तीन : प्रत्येक कामासाठी वनजमीन १ हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी.

१ हेक्टर म्हणजे किती? ५ मीटर रुंदीचा रस्ता धरला तर जवळपास २ किलोमीटर. अनेक टोल्यांचा प्रश्न एवढ्यातच सुटू शकतो. मात्र व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वन्यजीवांचे नियम वेगळे लागू होतात, म्हणून ठराव करण्याआधी जागा कोणत्या हद्दीत येते हे वनपरिक्षेत्र कार्यालयातून लेखी विचारून घ्यावं. ग्रामसभेचा ठराव नसेल तर फाईल पुढेच जात नाही. त्यामुळे सुरुवात गावातूनच करावी लागते.

त्याच ग्रामसभेत आणखी एक विषय घेता येईल. गावाजवळ जनावरं नेहमी कुठे रस्ता ओलांडतात, हे गावातल्या गुराख्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्या जागा ठरवून तिथे गतिरोधक आणि फलक लावण्याची मागणी रस्ता ज्या विभागाकडे आहे त्याच्याकडे करता येते. महामार्गावर अंडरपास कुठे हवेत हे शास्त्रज्ञांनी ठरवलं. गावरस्त्यावर गाडी कुठे हळू व्हायला हवी, ते गावाने ठरवून मागायला हरकत नाही.