युद्धातला खुर्दा मोजायचा कोणी?

१७६१ साली पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांकडे सांकेतिक भाषेत आली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या निरोपात मोत्यांचा आकडा होता, मोहरांचा होता. रुपये-खुर्द्याला मात्र गणती नव्हती. खुर्दा म्हणजे साधी माणसं. ती मोजायचं काम आता विद्यापीठं करतात, आणि त्यात आपल्या कॅनडाचाही वाटा आहे.

२००५ साली व्हँकूवरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून अँड्र्यू मॅक आणि सहकाऱ्यांनी 'ह्यूमन सिक्युरिटी रिपोर्ट' काढला. रोज टीव्हीवर रक्तपात बघणारे आपण. अहवाल म्हणत होता की १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जगातले सशस्त्र संघर्ष ४० टक्क्यांहून अधिक घटले!

पण आकडा हाती आला की आधी विचारावं, मोजलं काय? या अहवालाला आधार होता स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या नोंदींचा. तिथला नियम असा: वर्षभरात लढाईत २५ माणसं मेली की 'संघर्ष', १,००० मेली की 'युद्ध'. मिशिगन विद्यापीठात १९६३ साली सुरू झालेल्या 'कोरिलेट्स ऑफ वॉर' प्रकल्पाचा उंबरठाही हजाराचाच. म्हणून १९९९ चं कारगिल त्यांच्या यादीत 'युद्ध' ठरलं.

उंबरठ्याबाहेरच्यांचं काय? २३ जून १९८५ ला 'कनिष्क' विमानात ३२९ जण गेले, त्यातले बहुतेक कॅनडाचे नागरिक. ते लढाईत मेले नाहीत, म्हणून त्या रकान्यात बसत नाहीत. निःशस्त्रांच्या हत्यांचा उप्सालाचा वेगळा रकाना आहे, पण तो १९८९ पासूनचा!

भूक आणि रोगराईने मेलेल्यांचा हिशेब तर आणखी अवघड. काँगोत १९९८ ते २००७ या काळात ५४ लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा एका मदतसंस्थेचा अंदाज. त्यावर मॅक यांच्याच गटाने पुढे आक्षेप घेतला: युद्ध नसतं तर किती माणसं मेली असती, हा पायाच कमी धरलाय. एवढा मोठा आकडा, आणि वादाचं एक मोठं कारण ते एक गृहीतक!

२००५ चा दिलासाही टिकला नाही. २०२४ साली उप्सालाने ६१ संघर्ष नोंदवले, १९४६ पासूनचे सर्वाधिक.

मग हे आकडे टाकून द्यायचे का? मुळीच नाही. जो मोजलाच गेला नाही, त्याच्यासाठी भांडणार कोण? मात्र मंडळी, यापुढे बातमीत आकडा दिसला की एवढं जरूर विचारूया: यात खुर्दा धरलाय ना?