मूल बोलत नाही तेव्हा : खाजगी वाचोपचाराविषयी पालकांना

बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू बाळाच्या कानांना व मुखाला स्पर्श करून 'एफ्फाथा', म्हणजे 'मोकळा हो', हा शब्द उच्चारतात. संत मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात प्रभू येशूने बहिऱ्या व अडखळत बोलणाऱ्या मनुष्यास बरे केले, त्या प्रसंगातून हा शब्द विधीत आला. तेथेही आधी कान आणि नंतर जीभ. वाचोपचारतज्ज्ञ नेमका हाच क्रम पाळतात, आणि पालकांनी प्रथम जाणून घ्यावी अशी गोष्ट हीच होय : कानांची तपासणी झाल्याशिवाय बोलण्याच्या उपचारावर एक रुपयाही खर्च करू नये.

'दार वाजले की वळून पाहतो, म्हणजे ऐकू येते', असे आपण समजतो. परंतु अंशतः बहिरे मूलही मोठ्या आवाजाला वळते. शब्दांतील बारीक ध्वनी मात्र त्याच्या कानी पडत नाहीत. 'बेरा' नावाच्या चाचणीने तान्ह्या बाळाचेही ऐकणे तपासता येते.

साधारणतः वर्षाचे मूल एखादा अर्थपूर्ण शब्द बोलते, दोन वर्षांचे मूल 'आई पाणी' असे दोन शब्द जोडते. तसे झाले नाही तर 'त्याचे वडीलही उशिराच बोलले होते' या आजीबाईंच्या आश्वासनावर थांबू नये. आलेले शब्द मूल विसरू लागले, तर एक दिवसही दवडू नये. भाषा शिकण्याची सर्वांत सुपीक वर्षे हीच असतात. जिभेखालचा पडदा कापला की मूल बोलू लागते, हा समज मात्र सोडून द्यावा. मूल मुळीच न बोलण्याचे ते कारण क्वचितच असते.

आता खाजगी उपचाराविषयी. डोळखांबहून निघालेल्या मातेला आधी शहापूर, मग आसनगावहून लोकलने कल्याण गाठावे लागते. पाऊण तासाच्या सत्रासाठी अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी जाते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे : आपण भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहात काय, आणि नोंदणी क्रमांक काय? 1992 च्या कायद्यानुसार ही नोंदणी आवश्यक आहे. विचारण्यात संकोच नसावा. पुढील तीन महिन्यांत काय साधायचे आहे, हेही लिहून घ्यावे. पालकांना बाहेर बसवून दार लावून घेणाऱ्यापेक्षा आईला शेजारी बसवून शिकवणारा तज्ज्ञ बरा, कारण खरा सराव घरी, भात भरवताना आणि आंघोळ घालताना होतो. इतका प्रवास असेल तर महिन्यातून थोडी सत्रे व घरचा रोजचा अभ्यास अशी योजना मागता येते. 'इतक्या दिवसांत बोलता करतो' अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहावे.

घरातील बोली सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. ठाकरी, कातकरी वा कोळी बोली बोलणारी आई मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलू लागली, तर मूल तिच्याकडून मिळणारी समृद्ध भाषाच गमावते.

खाजगी दाराआधी सरकारी दारही ठोठवावे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते, आणि भाषाविकासातील विलंब व बहिरेपणा या दोन्हींचा त्यात समावेश आहे. अंगणवाडीसेविकेला पथकाच्या भेटीचा दिवस विचारून ठेवावा. वांद्रे रेक्लमेशन येथे 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था वाक् व श्रवण दोषांसाठीच आहे. कसारा लोकलने दादर व तेथून पश्चिम रेल्वेने वांद्रे गाठता येते. स्वमग्नता, मतिमंदत्व वा मेंदूचा पक्षाघात असल्यास 'निरामय' विमा योजनेतून उपचारखर्चास वर्षाला एक लाखापर्यंत साहाय्य मिळू शकते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

आम्हां पत्रकारांचे आश्रयसंत फ्रान्सिस डी सेल्स हे बहिऱ्यांचेही आश्रयसंत आहेत. एका बहिऱ्या तरुणाला त्यांनी खुणांच्या भाषेत धर्मशिक्षण दिले. जी मुले उपचारानंतरही फारशी बोलत नाहीत, त्यांना चित्रे व खुणा शिकवाव्यात. खुणांमुळे बोलणे मागे पडते, ही भीती निराधार आहे.