विश्लेषण : कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड घेताना नेमका कोणता आकडा पाहायचा?

लाखभर रुपयांचा कॅमेरा घेताना महिनाभर चौकशी होते, मेमरी कार्ड मात्र दुकानदार देईल ते घेतले जाते. फार तर ‘जीबी किती?’ एवढे विचारले जाते. अंतरपाट दूर होतो तो क्षण किंवा भिगवणच्या पाणवठ्यावरून रोहितांचा थवा उडतो तो क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही. तो टिपला जाणार की निसटणार, हे बऱ्याचदा पोस्टाच्या तिकिटाएवढ्या या कार्डावर ठरते. कार्डावर सात-आठ खुणा छापलेल्या असतात आणि त्यातली सर्वांत ठळक खूण सर्वांत कमी कामाची असते.

मोठ्या अक्षरातला वेग फसवा का?

कार्डावर ‘२०० एमबी प्रतिसेकंद’ असे ठळक छापलेले असते. हा बहुतेक वेळा कार्डातून फाइल वाचण्याचा, म्हणजे संगणकावर उतरवण्याचा वेग असतो आणि तोही ‘पर्यंत’ या अटीसह. कॅमेऱ्याला गरज असते ती लिहिण्याच्या वेगाची. तो पाहायचा तर कोपऱ्यातल्या बारीक खुणा वाचाव्या लागतात.

‘सी’ अक्षराच्या आतला १०, ‘यू’च्या आतला १ किंवा ३ आणि ‘व्ही’पुढचा ६, १०, ३०, ६० किंवा ९० हा आकडा, या तिन्ही खुणा एकच गोष्ट सांगतात : सलग लिहिताना वेग किमान किती राहील. सी१०, यू१ आणि व्ही१० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी. यू३ आणि व्ही३० म्हणजे किमान ३० एमबी. व्ही६० आणि व्ही९० चा अर्थ त्यांच्या नावातच आहे. ए१, ए२ या खुणा मोबाइलमध्ये कार्डावरून अॅप चालवण्यासाठी असतात. कॅमेऱ्यासाठी त्यांचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

फोरके व्हिडीओला कोणते कार्ड लागते?

इथे बिट आणि बाइट यांचा घोळ होतो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात व्हिडीओचा वेग मेगाबिटमध्ये लिहितात, कार्डाचा मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे १०० मेगाबिटच्या फोरके व्हिडीओला सेकंदाला फक्त १२.५ एमबी लिहावे लागतात, २०० मेगाबिटला २५ एमबी. दोन्हीला व्ही३० कार्ड पुरते. ४०० मेगाबिटवर चित्रण करणाऱ्याला ५० एमबी हवेत, तिथे व्ही६० शिवाय गत्यंतर नाही. हा साधा भागाकार केला तर ‘फोरके आहे ना, मग व्ही९०च घ्या’ या सल्ल्यावर खर्च होणारे बरेच पैसे वाचतात.

छायाचित्रांचे गणित वेगळे आहे. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण ३० एमबीची धरली आणि सेकंदाला दहा फोटो काढले, तर ३०० एमबी तयार होतात. इतके कुठलेही साधे एसडी कार्ड लगेच लिहू शकत नाही. म्हणून कॅमेरा ते आधी आपल्या अंतर्गत बफरमध्ये साठवतो आणि तिथून हळूहळू कार्डावर उतरवतो. बफर भरला की शटर दाबून उपयोग होत नाही, लाल दिवा लुकलुकत राहतो. पक्षी, खेळ किंवा वरात टिपणाऱ्याला वेगवान कार्डाचा खरा फायदा इथे होतो. घरगुती समारंभात एकेक फोटो काढणाऱ्याला तो जाणवणारही नाही.

महाग कार्ड घेतले की कॅमेरा वेगवान होतो का?

नेहमी नाही. कार्डावर रोमन एक किंवा दोनची छोटी खूण असते. ती यूएचएस-१ आणि यूएचएस-२ या जोडणीच्या प्रकारांची. पहिल्याची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, दुसऱ्याची ३१२ एमबी. यूएचएस-२ कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांची दुसरी रांग दिसते. हे कार्ड यूएचएस-१ खाचेच्या कॅमेऱ्यातही चालते, पण जुन्याच वेगाने. त्यामुळे आधी कॅमेऱ्याची पुस्तिका उघडावी, मग दुकान गाठावे. यूएचएस-१ कार्डावर १७० किंवा २०० एमबीचा दावा असेल, तर तो वेग त्याला पूरक अशा खास कार्ड रीडरमध्येच मिळतो, कॅमेऱ्यात नाही. व्यावसायिक कॅमेऱ्यांतील सीएफएक्स्प्रेस कार्डे याहून कितीतरी वेगवान असतात, पण त्यांचेही टाइप ए आणि टाइप बी असे वेगळे आकार आहेत. एकाचे कार्ड दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

कपाटातला जुना कॅमेरा नवे कार्ड का नाकारतो?

वीस वर्षांपूर्वीचे छोटे डिजिटल कॅमेरे तरुणांमध्ये पुन्हा लोकप्रिय झाले आहेत. पण त्यात नवे ६४ जीबीचे कार्ड घातले की ‘कार्ड एरर’ झळकते. दोष बहुधा कार्डाचाही नसतो, कॅमेऱ्याचाही नसतो. १९९९ मध्ये आलेले मूळ एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचे होते. ३२ जीबीपर्यंतचा एसडीएचसी प्रकार २००६ मध्ये आणि २ टीबीपर्यंतचा एसडीएक्ससी २००९ मध्ये आला. नवा कॅमेरा जुने कार्ड वाचतो, उलटे होत नाही. २००६ पूर्वीच्या कॅमेऱ्यासाठी २ जीबीचेच कार्ड शोधावे लागते. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक लागते, तर ऑलिम्पस आणि फुजीफिल्मच्या अनेक जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड. असा कॅमेरा जुन्या बाजारातून घेताना कार्ड सोबतच मागून घेतलेले बरे.

क्षमता किती असावी?

१०० मेगाबिटने तासभर चित्रण केले तर ४५ जीबी लागतात. ३० एमबीच्या रॉ फाइल ६४ जीबीत दोन हजारांच्या आसपास मावतात. लग्नाच्या कामासाठी २५६ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ जीबीची चार बरी. एक बिघडले तरी सगळा सोहळा जात नाही. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहिण्याची सोय सुरू ठेवावी. मायक्रोएसडी अॅडॉप्टरमध्ये घालून वापरता येते, पण त्यात आणखी एक जोड वाढतो आणि बिघाडाची एक जागाही.

बनावट कार्ड कसे ओळखावे?

कमी क्षमतेच्या चिपला ‘मी २५६ जीबीची आहे’ असे सांगायला लावून ती विकली जाते. संगणकही तेवढीच जागा दाखवतो. खरी जागा संपेपर्यंत सगळे ठीक चालते आणि त्यानंतरचे फोटो दिसतात, पण उघडत नाहीत. वेष्टनावरून हे कळत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स व मॅकवर एफ३ ही मोफत साधने कार्ड पूर्ण भरून, लिहिलेले परत वाचून पाहतात. वेळ लागतो, पण बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी ही चाचणी करावी. नव्या ६४ जीबी कार्डावर विंडोज ५९ जीबीच्या आसपास दाखवते, ती मात्र फसवणूक नव्हे. मोजण्याच्या पद्धतीतला तो फरक आहे.

फोटो चुकून पुसले गेले तर?

त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नये. पुसताना किंवा साधे फॉरमॅट करताना सहसा फाइलींची यादीच जाते, मजकूर काही काळ जागेवर असतो. कार्ड बाहेर काढून फोटोरेकसारख्या मोफत साधनाने तो शोधता येतो. सापडलेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर उतरवावेत. ज्या जागेवर नवे फोटो लिहिले गेले, तिथले जुने परत येत नाहीत.