गॅस कधी संपणार?

एकदा पुरण शिजत असतानाच गॅस गेला. आईचा चेहरा बघून मी वजनकाटाच काढला.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन मानेजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. आमच्या नव्या टाकीवर १५.३, म्हणजे भरलेली २९.५. दहा दिवसांनी काटा म्हणाला २५.५. रोज ०.४ किलो!

व = २९.५ − ०.४ × दि

इथे व म्हणजे वजन, दि म्हणजे दिवस. आलेखात ही उतरती सरळ रेषा, ०.४ च्या उताराची. १४.२ ÷ ०.४ = ३५.५. छत्तिसाव्या दिवशी पुरण घालू नका.

पाहुणे आले की रेष जास्त तिरपी होते, मग पुन्हा वजन करायचं. (आधी रेग्युलेटर काढा. आणि कंबर सांभाळा!)

तुमच्याकडे रोज किती जळतो? दोन वजनं आणि मधले दिवस कळवा, समीकरण मांडून देतो.